तळघरात पाणी पाझरतंय. नुसतं रंगकाम की घरालाच धोका?

तळघरवासी
नमस्कार मंडळी. मी पुस्तकबांधणी करतो, बारा वर्षं तळघरातच. यंदा पुठ्ठे वाकायला लागले. रात्रभर दाबाखाली ठेवलेला पुठ्ठा सकाळी टेबलावर ठेवला की तासाभरात कडा वर करतो. आधी खळीला दोष दिला, मग पुठ्ठेवाल्याला. शेवटी टेबल भिंतीपासून सरकवलं तेव्हा खरा चोर सापडला. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल, गिलाव्याचे पोपडे आणि त्यावर पांढरी पूड. मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाण्याची बारीक रेघ येते.

आतून दोनदा वॉटरप्रूफ रंग मारला. दोन्ही वेळा फुगे. एक टाचणीने फोडला तर चमचाभर पाणी निघालं.

ही पूड म्हणजे बुरशी का? महिनाभर खोकला आहे, दोन दिवस खाली गेलो नाही की कमी होतो. आणि त्याच भिंतीवर, साधारण मध्यावर, एक आडवी चीर आहे. पातळ पुठ्ठ्याचा तुकडा तिच्यात सहज जातो. बायको म्हणते इंजिनिअरला बोलवा. म्हटलं आधी इथे विचारावं.

ओळंबा
वहिनींचं ऐका.

पांढरी पूड हा लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं, क्षार उरतात. थोडी पूड खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसली तर चुन्याचा क्षार. बुरशी फसफसत नाही, बोटाने पुसली की डाग पसरतो. या पुडीने माणूस आजारी पडत नाही, पण पाणी भिंतीच्या आरपार येतंय याचा तो पुरावा.

मला खटकली ती चीर. केसाएवढी उभी चीर बऱ्याचदा काँक्रीट आकसल्याची असते, ती भरून भागतं. मध्यावरची आडवी चीर वेगळी: बाहेरची माती भिंत आत ढकलते आहे. मातीत एक मीटर पाणी साचलं तर पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो, दोन मीटरला दोन. शिवाय ओल्या मातीचा स्वतःचा रेटा. छताला खिळा ठोकून ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली भिंतीचं अंतर मोजा. मध्ये कमी भरलं तर भिंत पोटाला आली आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, बाजूला तारीख आणि रुंदी लिहा. पण पोट दिसलं तर खुणा बघत बसू नका.

तपकिरी ओघळ दिसतात का तेही बघा. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे सळई आतूनच काँक्रीट फोडते.

रंगाचं म्हणाल तर तिसऱ्यांदा मारू नका. पाणी मागून ढकलतंय, रंग पुढून काय धरणार? बाहेर जा. छपराचं पाणी कुठे पडतं? १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. ते भिंतीच्या पायथ्याशी सोडलं असेल तर वाट शोधणारच. जमिनीला घरापासून बाहेर उतार हवा, पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर.

कुबट
खोकल्याबद्दल. दोन दिवस खाली न गेल्यावर कमी होतो, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, नाहीतर ते नुसतं औषध देतील. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली, तिच्यात खोकला, घरघर, दमा यांचा ओलीशी संबंध मांडला आहे. बुरशीला खायला कागद, पुठ्ठा, खळ. तुमच्याकडे तर पंगतच! आर्द्रतामापक घ्या. आकडा सतत ६० टक्क्यांवर असेल तर बुरशी आणि धुळीतले किडे दोघांचं फावतं. भिजलेला पुठ्ठा एक-दोन दिवसांत सुकला नाही तर टाका. खरवडताना एन-९५ मास्क लावा. ब्लीच वापरलंत तर त्यात दुसरं काही मिसळू नका.

आणि जमिनीवरचा एक्स्टेंशन बोर्ड आजच उचला.

तिसरा_हात
मी रंगाचा तिसरा हात मारलेला माणूस. नाव त्यावरूनच.

एक पुढेमागे उपयोगी पडेल ते सांगतो. तळघर पाण्याने भरलंच तर मेन स्विच बंद झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि पंप लावून एका दमात उपसू नका. बाहेरची माती भिजलेली असते, आतलं पाणी भिंतीला आधार देत असतं. तो एकदम काढला तर भिंत आत येऊ शकते. दिवसाला साधारण एक तृतीयांश, बास.

तळघरवासी
काल रात्री पावसात टॉर्च घेऊन मागे गेलो. छपराचा पाइप थेट त्याच भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात सुटतो. वाफा मीच केला, तीन वर्षांपूर्वी, भर घालून. म्हणजे उतार घराकडे, तोही माझ्याच हाताने. सध्या पाइपाला लांब नळी जोडून पाणी दूर सोडलंय.

ओळंबा सोडला. वर ६ सेंटिमीटर, मध्ये साडेचार, खाली ६. आकडा वाचून बायको काही बोलली नाही, फोन उचलला. इंजिनिअर गुरुवारी येतायत.

व्हिनेगर फसफसलं. पण टेबलाच्या मागच्या पायाशी काळा डागही आहे, तो पसरला. सगळे पुठ्ठे वर नेले, जेवायच्या टेबलावर. कापणीयंत्र हलेना, ते तेवढं विटांवर उचलून ठेवलंय, दुसऱ्या भिंतीपाशी.

ओळंबा
दीड सेंटिमीटर. गुरुवारपर्यंत त्या भिंतीजवळ काम नको. वाफ्यातली भर काढायची घाई करू नका, इंजिनिअर बघून सांगतील किती आणि कुठून काढायची ते. बाहेरून भिंतीलगत खोल चर तर मुळीच खणू नका.

तळघरवासी
कुदळ हातात होती. ठेवली.