'अश्लील' आणि 'असभ्य' एकच का?

विचारणा

एका फिर्यादीचा मजकूर शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला होता. त्यात 'अश्लील शिवीगाळ केली' असं वाक्य होतं. शिव्या मात्र 'नालायक', 'भिकारडा' अशा. मी 'असभ्य' सुचवलं, तर 'दोन्ही एकच' असं उत्तर मिळालं. मला ते पटलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

एक नाहीत. तुमचा आग्रह योग्य आहे.

'अश्लील'च्या मुळाशी 'श्री' आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंचं एक सूक्त आहे. त्यात 'अश्रीर' हा शब्द येतो. गाई अश्रीरालाही देखणा करतात, असं तिथे म्हटलंय. अश्रीर म्हणजे शोभा नसलेला, निस्तेज. रोहिताचा लोहित आणि रोमाचा लोम झाला, तसा इथेही 'र'चा 'ल' झाला. मूळ अर्थात कामवासनेचा मागमूस नाही.

काव्यशास्त्रात 'अश्लील' हे एका दोषाचं नाव झालं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने या दोषाचे तीन प्रकार केले: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. तिसऱ्याला आज कुणी अश्लील म्हणणार नाही, पण ती जाणीव मराठीच्या हाडीमाशी आहे. आपण दिवा 'मालवतो', बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतो, निघताना 'येतो' म्हणतो. मला हा प्रकार तिन्हींत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शब्दाचा घाव अंगाशीच संबंधित असतो असं नाही, हे त्यात ओळखलेलं आहे.

'असभ्य'ची कुळी वेगळी. सभेत शोभेल ते सभ्य. तिथे माप लोकांत वागण्याचं आहे.

कायद्याच्या अंगाने भर

कायद्याने मम्मटाचा पहिलाच प्रकार उचलला, आणि तोही पुरता नाही. नुसती लाज वाटून भागत नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 292 (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 294) मजकूर कामवासना चाळवतो का, वाचणाऱ्याचं मन भ्रष्ट करतो का, हे पाहतं. किळसवाणं लेखन अश्लील असेलच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगाली लेखक समरेश बसू यांच्या खटल्यात 1985 साली स्पष्ट केलं. 2024 साली एका वेबमालिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिव्यांबद्दलही तेच सांगितलं: शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला, तरी बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तिच्यातून राग किंवा वैताग पोचतो, वासना नव्हे. मग 'नालायक'ची काय कथा! अपमानासाठी कायद्यात वेगळी कलमं आहेत.

पुन्हा विचारणा

मग संविधानाच्या कलम 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर सभ्यतेच्या कारणाने निर्बंध घालता येतात, त्यातली सभ्यता कोणती? आणि 'संपत्तीचं अश्लील प्रदर्शन' ही रचना चूक धरायची का?

उत्तर

ती सभ्यता लैंगिक नीतीपुरती नाही. विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीतून निघालेल्या प्रभू विरुद्ध कुंटे खटल्यात 1995 साली हाच मुद्दा आला. वागणं त्या काळाच्या औचित्याला धरून असणं, एवढा व्यापक अर्थ न्यायालयाने घेतला. 'असभ्य' मोठं आणि 'अश्लील' अरुंद, हे इथे कायद्यालाही मान्य दिसतं.

'संपत्तीचं अश्लील प्रदर्शन' इंग्रजीच्या वळणाने आलं असावं, तरी मी ते खोडणार नाही. ज्यातली श्री गेली आहे ते अश्लील, या जुन्या अर्थात ते चपखल बसतं.

फिर्यादीत मात्र दोन्ही विशेषणं काढा. शिव्या जशा दिल्या तशा लिहा. त्या कोणत्या कलमात बसतात हे न्यायालय ठरवील. नेमके शब्दच नसतील, तर त्याने कशावरून ठरवायचं?

विचारणा करणाऱ्याकडून

तसंच केलं. वाक्य आता असं आहे: 'मला सर्वांसमक्ष नालायक, भिकारडा असे म्हणाले.'