छोट्या भाषेत फाइलचं काय काय आतच द्यावं?

अर्धविराम: सीमध्ये छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहितोय. सध्या ओपन, रीड, राइट, क्लोज एवढंच आहे. लुआ ही छोटी भाषा आयएसओ सीच्या (सीच्या प्रमाणित रूपाच्या) बाहेर जात नाही, म्हणून तिथे फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढायलाही वेगळी लायब्ररी लागते. इतकी काटकसर नको, पायथनचा पसाराही नको. एक्झिस्ट्स (फाइल आहे का ते बघणं), कॉपी, रीनेम, लॉक यांतलं काय घेऊ?

शून्यसूचक: ज्याला स्वतःचा सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे थेट मागणी) लागतो ते आत, बाकी लायब्ररीत. म्हणजे यादी, एमकेडिर (फोल्डर बनवणं), स्टॅट (फाइलची माहिती), रीनेम, डिलीट आत, कॉपी बाहेर. एक्झिस्ट्स मुद्दाम देऊ नका. लोक 'नसेल तर बनव' लिहितात आणि तपासणी व ओपन यांच्या मधल्या फटीत दुसरी प्रोसेस तीच फाइल बनवते. त्याऐवजी ओपनला 'एक्स' मोड द्या: फाइल आधीच असेल तर सरळ एरर. सी११ आणि पायथन ३.३ पासून हा मोड आहेच.

बिनडोकपॉइंटर: रीनेम वाटतो तितका गरीब नाही. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर लिनक्सवर ती गुपचूप बदलली जाते, विंडोजवर सीचा रीनेम त्याच ठिकाणी फेल होतो. पायथनला यासाठी ३.३ मध्ये वेगळं रिप्लेस आणावं लागलं. तुम्ही 'बदलायचं' असंच ठरवा आणि विंडोजवर तिथलं मूव्हफाइलएक्स फंक्शन वापरा. दोन वेगळ्या माउंटवर (वेगळ्या जोडलेल्या डिस्कवर) रीनेम केलं की ईएक्सडेव्ह ही एरर येते, तेव्हा आतल्या आत कॉपी करू नका, एरर द्या. नाहीतर अर्धवट फाइल दिसणार नाही ही हमीच गेली.

वरच्या नियमात बसत नसलं तरी 'अख्खी फाइल बदल' हे फंक्शन आतच हवं. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल, राइट, एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणं), रीनेम, मग फोल्डरचं एफसिंक. लोक हमखास तात्पुरती फाइल सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये टाकतात आणि एफसिंक गाळतात; वीज गेली की हातात शून्य बाइटची फाइल.

अर्धविराम: पटलं. क्लोज गार्बेज कलेक्टरवर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या भागावर) सोडलं तर?

शून्यसूचक: नको. डेटा आधी मेमरीतल्या बफरमध्ये असतो, डिस्क भरल्याचं तो फ्लश करताना, म्हणजे पुढे लिहून टाकतानाच कळतं; एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) तर कधी क्लोजलाच. कलेक्टरने क्लोज केलं तर ती एरर घ्यायला कोणी नसतं. ब्लॉक संपला की क्लोज, आणि एरर वर फेकायची.

लॉक मात्र बाहेरच ठेवा. पॉसिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या प्रमाणात) लॉक घेतलेल्या प्रोसेसने त्या फाइलचा कुठलाही डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) बंद केला की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे एफसीएनटीएल कॉलने घेतलेले लॉक सुटतात. हे कोणाला समजावत बसणार?