जुन्या वस्तीतल्या घराचं नूतनीकरण: मूळ शैली कशी राखावी?

प्रश्न: चुन्यातलं वीटकाम, लाकडी खिडक्या. पुढच्या भिंतीचे विटांमधले सांधे भरायचेत, मागे एक खोली वाढवायचीय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: मोजमापांपासून. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांची उंची-रुंदी, छपराचा उतार, पागोळीची पातळी टिपा आणि फोटो काढा. वारसा-नियम लागू असतील तर आराखड्याआधीच परवानगीचं विचारा. नव्या खोलीचं छप्पर जुन्या आढ्याच्या खालीच ठेवा.

उत्तर २: सांध्यांत सिमेंट अजिबात नको! जुनी वीट मऊ असते. सिमेंट ओल अडवतं, मग ती विटेतूनच बाहेर पडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. ही हानी भरून येत नाही. सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २० मिमी खोल, छिन्नीनेच खरवडा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात. भरायचा माल: १ भाग चुना, ३ भाग टोकदार कणांची वाळू. भरण्याआधी भिंत भिजवा, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट लावा. कडक उन्हात हे काम करू नका, चुना भुगा होतो.

उत्तर ३: खिडक्या बदलू नका. कुजते ती बहुधा खालची आडवी पट्टी. तेवढीच कापून त्याच जातीचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडा. आवाज, गारठा अडवायला आतून दुसरी काच बसवा, बाहेरून काही बदलत नाही.