काखेत उसवणारा सदरा: चौबगला हवाच

चौदाव्या शतकातल्या युरोपातल्यासारखा लिननचा आतला सदरा शिवलाय, पण तो काखेत सारखा उसवतो, असं एकाने विचारलंय. दोष दोऱ्याचा नाही, चौबगला, म्हणजे काखेत बसवायचा कापडाचा चौकोनी तुकडा, नसल्याचा आहे. अशा सदऱ्याचा मुंढा (बाही जोडायची जागा) सहसा गोल नसे. अंग आणि बाही सरळ आयताकृती असत, म्हणून हात वर केला की सगळा ताण एका बिंदूवर येतो.

१४ सेंमीचा चौकोन कापा, प्रत्येक कडेला १ सेंमी शिलाईत जाईल. कडा उभ्या-आडव्या धाग्यावरच ठेवा. मग कर्ण तिरक्या धाग्यावर येतो आणि काखेत कापड ताणलं जातं. चौकोन आधी बाहीला, मग अंगाला जोडा. टीप कोपऱ्याच्या १ सेंमी अलीकडे थांबवा, टोकापर्यंत नेली तर तिथे चुणी पडून पुढे फाटतं. कडा दुमडून हातशिलाईने बसवा. हे कपडे राखेच्या क्षारात धुतले, आपटले जात. उघडी कड टिकत नाही.

कापण्याआधी लिनन गरम पाण्यात धुवाच, ते आटतं.

खालच्या ढगळ चड्डीला नेफा आणि नाडी असे. मांडीपर्यंतचे कापडी पायमोजे बरेचदा तिथेच बांधत, म्हणून नाडी मजबूत घ्या.