चेहरा झाकलेल्या माणसाची ‘मुद्रा’ कशी म्हणायची?

प्रश्न : केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीच्या ‘आईवडील’ या छापचित्रावर लिहिते आहे. ‘दुःखी मुद्रा’ असं लिहिलं आणि अडले, कारण दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. ‘देहबोली’ चालेल का?

उत्तर : ‘देहबोली’ मला खटकतं. हा शब्द रुळलाय तो मुलाखती, भाषणं, क्रिकेट यांच्या संदर्भात. तिथे बघणारं कुणीतरी समोर असतं. ही दोघं कुणालाच काही सांगत नाहीयेत. ‘मुद्रा’ खरं तर जवळचा शब्द, ठसा म्हणजेही मुद्राच. पण ‘दुःखी मुद्रा’ म्हटलं की वाचक चेहरा शोधतो.

कोलविट्झचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला, वय १८. युद्धावरची तिची सात काष्ठछापचित्रं १९२१-२२ मधली, हे त्यांतलंच एक. दोघं गुडघ्यांवर आहेत. बाई इतकी खाली गेलीय की तिची पाठच काय ती उरते. नवऱ्याचा एक हात स्वतःच्या तोंडावर, दुसऱ्याने तिला धरलंय. लाकडी ठशात कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. इथे दोघांच्या मधलं लाकूड फारसं कोरलेलंच नाही, त्यामुळे कुणाचं अंग कुठे संपतं ते कळत नाही. तिचं दुःख मला त्या न कोरलेल्या लाकडात दिसतं.

‘ओणवी’ म्हणू नका. भातलावणीला बायका ओणव्या होतात, तिथे पायांत जोर असतो. ‘मुटकुळं’ही नको, थंडीत मुटकुळं करून झोपलेल्या पोराची ऊब त्या शब्दाला चिकटलेली आहे. मी ‘खचलेली’ म्हणेन. विहिरीचा काठ खचतो, भिंत खचते, माणूस खचतो. खालचा आधार गेला की वरचं बसतं. एकाच क्रियापदात शरीर आणि मन दोन्ही येतात.

प्रश्न : आणि बापासाठी? ‘सावरला’?

उत्तर : ‘सावरला’ लिहिलंत तर तो दुःखातून बाहेर आला असा अर्थ होईल. तो बाहेर आलेला नाही. ‘तिला सावरून धरलंय’ असं लिहा, कर्मासकट. पुढे १९३२ मध्ये कोलविट्झने पूर्ण केलेल्या, आता बेल्जियममधल्या व्लाड्स्लोच्या दफनभूमीत असलेल्या शिल्पांत आईबाप वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत. आई पुढे झुकलेली. बाप गुडघ्यांवर ताठ, दोन्ही हात स्वतःभोवती आवळलेले. त्याला मात्र ‘स्वतःला सावरतोय’ म्हणता येईल, तेही चालू वर्तमानकाळातच.