मागे एक पाटा वाढवला की जुनी पिकअप जास्त माल उचलते का?

चाकजोडी (धागा)

जुनी पिकअप माल भरला की मागून बसते. त्यावर सगळीकडे एकच औषध सांगितलं जातं: मागच्या कमानीत (एक्सलवर बसलेली पोलादी पाट्यांची स्प्रिंग) एक पाटा वाढवा. गाडी वर येते, टायर मडगार्डला घासायचा थांबतो, काम झालं. माझं म्हणणं सरळ आहे. ही दुरुस्ती नव्हे. बसलेली गाडी निदान सांगत तरी असते की ओझं जास्त झालंय. पाटा वाढवून आपण तिचं तोंड बंद करतो, ओझं तेवढंच राहतं.

गाडीला किती वजन झेपतं हे एकट्या कमानीवर ठरत नाही. एक्सलचं हाऊसिंग, हबचं बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक आणि चेसिस यांत जे सगळ्यात आधी हात टेकेल, ती गाडीची मर्यादा. कागदावर करून बघा. समजा गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर एकूण वजन २८०० किलो आहे आणि रिकामी गाडी १७५० किलो. उरले १०५०. वर लोखंडी पिंजरा आणि जाड बंपर लावलाय, १२० गेले. केबिनमध्ये तीन माणसं, २२० गेले. मालासाठी राहिले ७१०. पण बोलताना सगळे म्हणणार, "एक टनाची गाडी आहे."

टायरचंही तेच. टायरच्या बाजूवर मापापुढे जो आकडा असतो तो भाराचा निर्देशांक. १०४ असेल तर एका टायरला ९०० किलो, ९९ असेल तर ७७५. म्हणजे मागच्या जोडीत १८०० आणि १५५० असा २५० किलोचा फरक, तोही हवा पूर्ण असेल तरच. पाटा वाढवताना हा आकडा वाचलेला माणूस दाखवा.

कमानवाला

असहमत. तुम्ही ओव्हरलोड करणाऱ्याला झोडताय आणि मार बसतोय पाट्याला.

जुन्या गाडीची कमान *रिकामी असतानाच* बसलेली असते. ही गाडी मर्यादेत माल भरला तरी बंप स्टॉपवर (एक्सल आणि चेसिसमधला रबरी ठोकळा) आपटते. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका कमानीऐवजी थेट चेसिसला. बंप स्टॉपच्या वरचा भाग आणि मागच्या हँगरची (कमान चेसिसला टांगणारा ब्रॅकेट) रिव्हेटं पाहा, तडे तिथूनच सुरू होतात. अशा गाडीला उंची परत देणं म्हणजे दुखणं झाकणं कसं काय?

आधी मोजा, मग भांडा. सपाट जमीन, गाडी रिकामी, चारही टायरांत ठरलेली हवा. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरा. दोन्ही बाजू लिहून ठेवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. डाव्या-उजव्यात १५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पाटा वाढवायचा विचार तिथेच सोडा. एखादा पाटा तुटलाय, नाहीतर सेंटर बोल्ट (पाट्यांच्या गठ्ठ्यातून मधोमध जाणारा) गेलाय. तुटलेला पाटा बाहेरून पटकन दिसत नाही. क्लिपच्या आत किंवा एक्सल कमानीला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटखाली तुकडा जागेवर बसलेला असतो. वायर ब्रशने साफ करून बॅटरी मारली की गंजाची बारीक लाल रेघ आडवी गेलेली दिसते. तीच चीर.

चाकजोडी

मोजायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उंची गेली म्हणून *कडकपणा* वाढवायचा, इथे गल्लत होते.

पोलाद थकून बसलं की कमानीची उंची जाते. कडकपणा, म्हणजे दर किलोला ती किती दबते, तो जवळपास तसाच राहतो. गंजून जाडी उतरली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे हरवलं एक आणि आपण भरतोय दुसरंच. आणि कडकपणा पाट्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिमीचे पाच पाटे आहेत, त्यात ८ मिमीचा एक घातला. तो एकटा दीड पाट्याएवढा. लांबीचा फरक सोडला तर कमान अंदाजे ३० टक्के कडक झाली. पूर्ण मालाला जी १०० मिमी दबायची ती आता ७७ मिमी दबणार.

शिवाय नव्या पाट्याला बाक जास्त असतो. जुन्या थकलेल्या पाट्यांत तो घातला की भार आधी त्याच्यावर येतो. वर्षभरात तुटतो तो बहुतेक हाच, आणि मग "पोलाद बेकार होतं" म्हणून बोंब.

ड्रमलायनर

चाकजोडींच्या हिशोबात दबणं १०० वरून ७७ वर आलं, खरी गोम त्या २३ मिमीतच आहे आणि तिचं नाव अजून कोणी घेतलं नाही.

पुष्कळ जुन्या पिकअपना मागे भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चेसिसला बसवलेला पितळी किंवा लोखंडी ठोकळा, आत-बाहेर ब्रेकचे पाइप, आणि त्यातून निघून एक्सलपर्यंत गेलेली दांडी किंवा स्प्रिंग. माल भरला, चेसिस खाली आली, दांडी हलली, की व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कापतो, कारण हलकं मागचं चाक लगेच लॉक होतं आणि गाडी आडवी फिरते.

या ठोकळ्याला किलो कळत नाहीत. त्याला कळतं एक्सल आणि चेसिसमधलं अंतर. कमान कडक केली की पूर्ण माल असूनही त्याच्या लेखी गाडी पाऊण भरलेली. मागे दाब कमी, सगळं काम पुढच्या डिस्कवर, थांबायचं अंतर वाढलं. पेडल मात्र नेहमीसारखंच घट्ट लागतं, म्हणून ड्रायव्हरला पत्ता लागत नाही.

उलटंही खरं आहे, कमानवाल्यांच्या बाजूने. बसलेल्या कमानीमुळे व्हॉल्व्हला रिकामी गाडी भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडतात.

कमानवाला

मग दांडी ॲडजस्ट करा की. बहुतेकांना लांब भोक किंवा आटे दिलेले असतात.

ड्रमलायनर

रिकाम्या गाडीचा बिंदू जुळेल. भरलेल्या गाडीचा नाही, कारण दबणंच कमी झालंय. रिकामी जुळवली तर भरलेली चुकते. भरलेली जुळवली तर रिकामी फिरते.

आणि ॲडजस्ट करायच्या आधी ती दांडी हलते का ते तरी बघा. खाली वाकून हाताने वरखाली करा. निम्म्या जुन्या गाड्यांत तिचा पिव्होट चिखल आणि गंजाने जाम झालेला असतो आणि रबरी टोपी फाटलेली. मग कमान नवी असो की जुनी, व्हॉल्व्ह एकाच जागी अडकलेला. काही जण दांडी तारेने "पूर्ण भार"च्या बाजूला बांधून टाकतात. हा प्रकार रिकाम्या गाडीत जीव घेऊ शकतो.

जाता जाता एक गोष्ट. मागच्या ब्रेकची एअर (पाइपात अडकलेली हवा) काढताना घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) चेसिसखाली लावू नका, एक्सलखाली लावा. एक्सल लोंबकळला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागे ऑइल नीट जात नाही. मग तासभर पेडल मारत बसायचं आणि दोष मास्टर सिलिंडरला द्यायचा.

सावकाश

पाटा वाढवा, वाढवू नका. माल कुठे ठेवता त्याला कोणी विचारणार आहे का?

व्हीलबेस ३ मीटर धरा. ३०० किलोचा नग मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे, फाळक्याला टेकवून ठेवला. मागच्या एक्सलवर येतात ३५० किलो, पुढून ५० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. तोच नग अर्धा मीटर एक्सलच्या पुढे सरकवला तर मागे २५०, पुढे ५०. मागच्या एक्सलचे १०० किलो कमी झाले आणि एकही बोल्ट उघडला नाही. जड माल केबिनला टेकवून, तळाशी, आणि बांधून. नुसता टेकवलेला नग ब्रेक मारल्यावर थांबत नाही.

वेगाचंही तसंच. ८० ऐवजी ६० ने चाललात तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ निम्मी, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते: ६४०० च्या जागी ३६००. हा फायदा कुठला पाटा देतो?

कमानवाला

सावकाश चालवणं चांगलंच, पण ती दुरुस्ती नव्हे. ६० ला सुद्धा तुटलेला सेंटर बोल्ट तुटलेलाच असतो. एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून पाहणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला नाही.

सावकाश

ते बरोबर. पण मोठ्या उताराला तुमची कमान काय करणार? मागच्या ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जायला लागतं. त्यात वर्षानुवर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांच्या आसपास येते. उकळलं की वाफ, वाफ दबते, पेडल फळीला. दोन वर्षांनी ऑइल बदला आणि उतार लागायच्या *आधी* खालचा गिअर टाका. निम्म्या उतारावर, गाडी सुटल्यावर गिअर शोधू नका.

चाकजोडी

कमानवाल्यांना सरळ प्रश्न. नवा पूर्ण सेट, जुन्याच मापाचा, हा पर्याय असताना पाटा का वाढवायचा? नव्या सेटने उंची परत येते, कडकपणा मूळचाच राहतो, व्हॉल्व्हचं गणित बिघडत नाही.

कमानवाला

मिळत असेल तर सेटच घाला, यात वादच नाही. कडकपणाचा मुद्दाही मला पटला. पण जुन्या मॉडेलचा सेट कधी मिळतच नाही. मग दोन वाटा उरतात.

एक, आहेत ते पाटे सोडवून पुन्हा बाक देणं. नुसतं थंड ठोकून बाक दिलेला पाटा काही महिन्यांत परत सपाट होतो. तापवून, पाणी देऊन, मग पुन्हा बेताने तापवून दिलेला बाक टिकतो. ते करणारा कारागीर असेल तर ही वाट चांगली.

दोन, पाटा वाढवणं, पण माप पाळून. जाडी आहे त्या पाट्यांइतकीच किंवा एक मिमी कमी. बाक शेजारच्या पाट्याशी जुळता. आणि तो मुख्य पाट्यांच्या गठ्ठ्यात घाला. तळाचा जाड सपाट पाटा मदतीचा असतो, बराच भार आल्यावर टेकण्यासाठी. नवा पाटा घालून या मदतीच्या पाट्याच्या वरची फट मिटवली तर तो रिकाम्या गाडीतच काम करायला लागतो आणि गाडी दगडासारखी उडते. यानंतर व्हॉल्व्ह रिकाम्या उंचीला जुळवा आणि भरलेल्या गाडीला मागे ब्रेक कमी आहे हे धरून चालवा.

दोन्ही बाजू एकाच वेळी करायच्या. एकाच बाजूला नवा पाटा घालणाऱ्याला माझ्याकडून शून्य मार्क.

ड्रमलायनर

"भरलेल्या गाडीला ब्रेक कमी आहे हे धरून चालवा" हे वाक्य तुम्हीच परत वाचा. मी थांबतो.

कमानवाला

वाचलं. बंप स्टॉपवर आपटणाऱ्या गाडीपेक्षा तरीही बरं म्हणेन.

नवानट

लांब शॅकल (कमानीचं मागचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) लावून गाडी उचलली तर? कमानीला हातच नाही लावायचा.

चाकजोडी

५० मिमी लांब शॅकल लावलं तर गाडी साधारण २५ मिमी उचलते, कारण कमानीचं एकच टोक हलतं. कडकपणा बदलत नाही, तेवढं बरं. पण एक्सल किंचित गोल फिरतो आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन बदलतो. ठरावीक वेगाला केबिनच्या तळातून थरथर येऊ लागली तर चाकाचं बॅलन्सिंग करत बसू नका, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) आणि हा कोन बघा. लांब शॅकलवर गाडी आडवी डुलतेही जास्त. व्हॉल्व्हची दांडी इथेही जुळवावी लागते.

नवानट

कमान उघडायचीच ठरली तर जुने यू-बोल्ट चालतील ना? आटे चांगले दिसतायत.

कमानवाला

नाही. यावर तरी धाग्यात भांडण होणार नाही असं वाटतं. यू-बोल्ट कसताना ताणला जातो आणि त्या ताणानेच एक्सल कमानीला घट्ट धरलेला असतो. एकदा ताणून सोडलेला बोल्ट परत तेवढीच पकड देईल याचा भरवसा नाही. पाटा वाढवला तर जुने आखूडही पडतात. नट कसल्यावर तीन-चार आटे बाहेर दिसले पाहिजेत.

क्रम असा. घोडे चेसिसखाली, एक्सलला वेगळा जॅक. (ब्रेकच्या कामाच्या उलट, ड्रमलायनर यांनी वर सांगितलंय ते एअर काढण्यापुरतं.) गाडीवर सेंटर बोल्ट नुसता उघडायचा नाही. पाटे ताणात असतात, उसळतात. आधी गठ्ठा दोन सी-क्लॅम्पनी आवळा, मग सोडा. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत पूर्ण बसलंय का हे बोटाने चाचपा. यू-बोल्ट तिरके तिरके, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. शॅकलचे आणि कमानीच्या पुढच्या डोळ्याचे (टोकाच्या कडीचे) बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून. लोंबकळत्या कमानीत कसले तर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. साधं ग्रीस रबरी बुशना लावू नका, रबर फुगतं.

ड्रमलायनर

आणि १०० किमी झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा कसा, परत एकदा ५०० ते ८०० किमीच्या दरम्यान. पाट्यांमधला रंग आणि गंज दबून जागा होते, नट सैल पडतात. कसायला खाली गेलातच तर व्हॉल्व्हची दांडी तेवढी हलवून बघा.