गावाकडचा दुष्काळ आणि मुंबईतले आपण : तुमचे अनुभव लिहा

नळाला दोन दिवस पाणी कमी आलं की मुंबईत आरडाओरड होते. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचा निम्मा जीव माणदेशात, आष्टी-पाटोद्याला, जालन्याला अडकलेला असतो. १९७२, २०१३, २०१६ या वर्षांत तुमच्या घरात काय घडलं? सविस्तर लिहा.

लालबाग :
माहेर माण तालुक्यातलं. वडील इथे गिरणीत, आम्ही गावी. बहात्तरला आईबरोबर मीही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कपच्या डोळ्यांत उडू नयेत म्हणून आई पदर पार भुवयांपर्यंत ओढायची, बोटांना चिंध्या गुंडाळायची. दुपारी सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळे, त्यातली मूठभर धाकट्या भावासाठी ठेवायची. रेशनला लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापतानाच तुटायची आणि गार झाली की चावायची नाही. आमच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं, दाणा नव्हता. पोस्टमन फुफाट्यातून सायकल ढकलत वडिलांची मनिऑर्डर घेऊन यायचा, त्यात चुलत्यांचं घरही जगलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याच्या पायाशी आमच्या आयांनी फोडलेली खडी आहे, असं मी मानते.

कोपरखैरणे :
आमचंही गाव माणमध्येच, पण २०१३ ला उलटी गत. रेशन होतं, पाणी नव्हतं. आई-दादा जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले. जुन्या साड्यांचं छप्पर, शेजारी दावण. दुपारी वावटळ उठली की खुरांनी भुगा झालेली माती आणि वाळकं शेण एकदम उडायचं, समोरचा बैल दिसायचा नाही. दादा आधी खिलार गाईच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरायचे, मग स्वतःच्या. चहासाठी धार काढली तर तांब्यात दुधावर मातीचा थर. मी म्हटलं, चला माझ्याकडे. आई म्हणाली, "आन् गाय कुठं बांधू?" मला उत्तर देता आलं नाही.

घाटकोपर :
एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं, तेव्हा आमच्याकडच्या मोकळ्या मैदानात नांदेडकडची कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. सकाळी नवरा-बायको दोघं मजुरीसाठी नाक्यावर. त्यातल्या काहींची गावी स्वतःची जमीन होती. एका मावशींना मुलांच्या शाळेचं विचारलं, तर म्हणाल्या, "पाऊस पडू द्या बाई, पेरणीला जायचंच हाय." त्या परत गेल्या का, माझ्या मनातून अजून जात नाही.

डोंबिवली :
अंबड तालुका, जालना. २०१३ ला टँकर विकत घेऊन घातले तरी मोसंबीची बाग वाळली. फळ धरायला वर्षानुवर्षं सांभाळलेली झाडं सरपणाला गेली, आता तिथे कपाशी आहे. तेव्हापासून माझा पगार दोन घरांत वाटला जातो. बायकोनं त्यावर कधी कपाळाला आठी घातली नाही, हे मला इथे लिहायचंच होतं.